निन्जा पुरवणीच्या पान १४ वर गाळलेल्या एका शब्दाबद्दल तक्रार

मालवण, जि. सिंधुदुर्ग
दि. ११ जुलै

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : सदोष नियम, दुरुस्त पान किंवा पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

मे महिन्यात तुमच्याकडून १,८५० रुपयांना निन्जाची पुरवणी, म्हणजे जादा नियमांचं पुस्तक, मागवली. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसोबत ती चालते, असं मुखपृष्ठावर छापलेलं आहे. आम्ही पाच जण माझ्या पडवीत खेळतो, मी गेम मास्टर, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा. आमच्यातले दोघे मासेमारीतले. १ जून ते ३१ जुलै बंदी, होड्या झापांखाली, म्हणजे आमचा हंगाम तेवढाच. पार्सल वेळेवर आलं, चित्रं झकास आहेत. तक्रार पान १४ची आहे.

मूळ खेळात रोग नावाचा पात्रांचा वर्ग आहे (आजार नव्हे, चोरपावलांचा गडी). त्याच्या स्नीक अटॅकला, म्हणजे संधी साधून केलेल्या वाराला, पाचव्या लेव्हलवर इजा मोजायला सहा बाजूंचे ३ फासे जादा मिळतात, पण एका टर्नमध्ये एकदाच. त्या ‘एकदाच’वर सगळा तोल उभा आहे. तुम्ही ‘छायाघात’ नाव देऊन तेच ३ फासे निन्जाला दिलेत, ‘एकदाच’ मात्र गाळलंत. वर त्याला एका टर्नमध्ये ३ शुरिकेन (धारदार चकत्या) फेकायची मुभा. आता हिशेब बघा. चार बाजूंच्या फाशाची सरासरी अडीच, चपळाईचे ४, छायाघाताचे साडेदहा, म्हणजे एका शुरिकेनला १७. तिन्ही लागली की ५१. ओगर या धिप्पाड राक्षसाचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, ५९. त्याच लेव्हलचा, तेवढ्याच ताकदीचा फायटर दुहाती तलवारीने दोन्ही वार बसवतो तेव्हा सरासरी २२ होतात.

हे मी आधी वहीत मांडून बघायला हवं होतं, मान्य. आम्हाला ते खेळताना कळलं. लाइट गेलेली, बॅटरीच्या उजेडात फासे चाललेले. पुलावरचा ओगर मी दोन आठवडे रंगवत आणला होता. भाच्याने निन्जा घेतलेला, पहिलाच टर्न त्याचा. फासे मोजता मोजता त्याचाच आवाज बारीक होत गेला : ५३. फायटर खेळणारा माझा मेव्हणा तोवर पुलावर पोचलाही नव्हता. तो म्हणाला, “मगे माका कित्याक बोलयलास? चाय करूक?” आणि खरोखरच उठून चहा ठेवायला गेला. चहा चांगला झाला, तो भाग वेगळा.

प्रस्तावनेत तुम्ही ‘इतिहासाच्या अभ्यासातून’ असं लिहिलं आहे, म्हणून आणखी थोडं. मकिबिशी तुम्ही फेकून मारायचं हत्यार केलंय. अहो, ते पळताना मागे पसरायचे काटे! आपल्या शिंगाड्याच्या जातीचं काटेरी फळ वाळवूनही ते करत. पाठलाग करणाऱ्याचा पाय थांबला की काम झालं. आणि १६८१च्या ‘शोनिन्की’ या जपानी ग्रंथात शिनोबीने (म्हणजे निन्जानेच) घ्यायची सात सोंगं दिली आहेत, त्यांत भिक्षू आहे, व्यापारी आहे, साधा माणूसही आहे. तुमच्या २२ पानांत वेषांतराला एक ओळ नाही, काळे कपडे मात्र पानोपानी. बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आमच्या पोरांना हेर म्हणजे काय ते तुमच्याहून बरं कळतं. निन्जाने आधी जाऊन किल्ल्याची खबर आणावी आणि तिच्या जोरावर बाकीच्या चौघांचे टर्न सोपे व्हावेत, असा पर्याय आम्हाला हवा होता.

तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला, तर ‘गेम मास्टरने आपल्या विवेकाने बदल करावा’ असं उत्तर मिळालं. सोलकढीत कोकमच नाही म्हणावं आणि मालकाने ‘आवडीनुसार घाला’ म्हणावं, तसं झालं. विवेक माझाच वापरायचा तर १,८५० कशाचे घेतलेत?

१५ दिवसांत पान १४ दुरुस्त करून छापील पाठवा, नाहीतर पैसे परत करा. दोन्ही झालं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

तूर्त ‘एका टर्नमध्ये एकदाच’ अशी चिठ्ठी मी त्या पानावर खळीने चिकटवली आहे. इथल्या दमट हवेत ती दोनदा सुटली.

आपला,
एक ग्राहक