पान ६१ ते ६३

सातारा
रविवार, दुपार

चि. सायली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचं बाड मिळालं. स्पायरल करून पाठवलंस ते बरं केलंस, नाहीतर निम्मी पानं पंख्याखाली उडाली असती आणि बाबांनी ती भलत्याच क्रमाने लावून ठेवली असती. दोनदा वाचलं. पहिल्यांदा आई म्हणून, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. पहिल्या खेपेला रडले, दुसऱ्या खेपेला चिडले.

चिडले ती पान ६१ ते ६३ वर. तुझी माणदेशातली सुमन संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणीच्या उंबऱ्यापर्यंत जाते, आतली हसण्याची गडबड ऐकते आणि चप्पल न काढताच मागे फिरते. इथपर्यंत सगळं जागच्या जागी. मग तुझी ती मुख्याध्यापिका उभी राहते आणि विधवांच्या हालांवर अडीच पानं बोलत सुटते. अगं, बसव तिला खाली! मला शाळेतला पंधरा ऑगस्ट आठवला, पोरं उन्हात आणि अध्यक्ष थांबायला तयार नाहीत.

रागावू नकोस. हे मास्तरकीचं दुखणं आहे आणि फार जुनं आहे. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती लिहिली मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या माणसानेच. ‘यमुनापर्यटन’, बाबा पदमनजी, १८५७. हे उत्तर मी तीस वर्षं ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये तपासलं, एका मार्काचं. पुस्तक मात्र वाचलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर वाचनालयात सहज हाती लागलं आणि लाज वाटली.

पदमनजी मूळचे बेळगावचे, कासाराच्या घरातले, जन्म १८३१ चा. गंमत बघ, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा निघाला तो त्याच साली. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे ‘यमुनापर्यटन’च्याच वर्षी, आणि १८६३ मध्ये त्या कोशाचा संक्षेप केला तो पदमनजींनीच. एवढा शब्दांचा माणूस! पुढे पाळक झाले, नियतकालिकं चालवली, लहानमोठी मिळून शंभरावर पुस्तकं लिहिली. पण तरुणपणी ते मुंबईत परमहंस सभेत जात होते. ही मंडळी जातिभेद मोडायचा म्हणून एकत्र बसून पाव खात, पण गुपचूप. बाहेर कळलं तर घरचे दार लावतील ही भीती. पदमनजींना हे लपून सुधारक होणं पुरलं नसावं. १८५४ मध्ये त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. त्यांचा येशू आपल्या देवघरातला नाही, आणि तुझ्या पणजोबांनी तर हे नाव घरात घेऊ दिलं नसतं. तरी मला त्या माणसाचं कौतुक वाटतं. श्रद्धेची किंमत त्यांनी रोख मोजली.

कादंबरी काय आहे? यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, आणि वाटेत जागोजाग विधवा भेटतात. एकेक जण आपली कहाणी सांगते. आधल्याच वर्षी, १८५६ मध्ये, सरकारने विधवाविवाहाचा कायदा केला होता, पण घराघरांत काय चाललंय ते कोण लिहिणार? इकडे आपल्या गेंडामाळावर त्याच १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांविरुद्ध उठल्याबद्दल सतरा जणांना देहदंड झाला. चार भिंतींच्या स्मारकाकडे फिरायला जाताना तुला लहानपणी ती गोष्ट सांगायचे. त्याच वर्षी सव्वीस वर्षांचा एक तरुण बायकांची दुःखं छापत होता, हे मात्र सांगायचं राहिलं. शेवटी यमुनेवरही तेच वैधव्य येतं. मग ती ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधली यमू आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण ही दुसरी यमुना तिच्याआधी तीसेक वर्षं येऊन गेली.

आता मुद्द्याचं. त्या विधवा बोलतात तेव्हा पुस्तक हातातून सुटत नाही. पदमनजी स्वतः धर्म समजावायला लागले की माझी पानं भराभर उलटायची. त्यांचं मन मी समजू शकते, त्यांच्या लेखी ती शिकवणच महत्त्वाची होती, गोष्ट हे तिचं वाहन. पण मी, दुसऱ्या धर्माची बाई, त्यांच्या वाहनात बसले आणि मुक्कामाच्या आधीच उतरले, तरी ज्या बायका वाटेत भेटल्या त्या अजून माझ्याबरोबर आहेत. तुझी मुख्याध्यापिका सांगते ते सगळं खरं आहे गं. कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा मीच तुला पेपरातलं कात्रण पाठवलं होतं. पण ते मला सुमनच्या चपलेवरून आधीच कळलेलं असतं.

तुला एक सांगते, कधी सांगितलं नाही. वाईच्या घरी माझ्या आजोबांची धाकटी बहीण होती, गंगूआत्या. बाराव्या वर्षी विधवा झालेली. मी तिला पाहिलं तेव्हा सत्तरीची असेल, लाल आलवणातली. दर पंधरवड्याला मागच्या दारी न्हावी यायचा. त्या वेळी आम्हा पोरांना माजघरात कोंडायचे. मी सात वर्षांची, फटीला डोळा लावलेला. ती पाटावर बसली, चष्मा काढून पदराच्या टोकात बांधला, मान खाली घातली. त्याने पाण्याचा हात फिरवला आणि वस्तरा लावला. आणि गंगूआत्या हळू आवाजात दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, म्हणायला लागली. दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात. भाऊ ओसरीवर घोकायचे ते हिने आतून ऐकून पाठ केलं होतं. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पंचेचाळीसपर्यंत आली, म्हणजे तीस दिडं, तोवर त्याचं काम आटोपलेलं असायचं. मग ती उठायची, आंघोळ करायची आणि आम्हाला बाहेर सोडायचे. त्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलंय हे तिला कळलं होतं. काही बोलली नाही. हातावर गुळाचा खडा ठेवला.

मी शिक्षिका का झाले असं तू एकदा शाळेच्या मासिकासाठी विचारलं होतंस, तेव्हा मी काहीतरी ठरावीक उत्तर दिलं. आत्याबद्दल वर्गातही कधी बोलले नाही. विधवांवर निबंध मात्र कितीतरी लिहून घेतले, आणि त्यात तुझ्या मुख्याध्यापिकेची सगळी वाक्यं होती. खोटं कशाला बोलू, काही माझीच असतील, लहानपणी ऐकून तुझ्या कानात राहिलेली.

आत्या तुला हवी असली तर घे. नाव बदल. दिडकी बदलू नकोस.

बाड उद्या एसटीच्या पार्सलने टाकते, बरोबर कंदी पेढे आहेत, ते स्टाफरूममध्ये एकाच दिवशी संपवू नकोस. पान ६१ ते ६३ वर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आहे, खोडायला सोपी जाईल अशी. पान ११२ वर सुमनची सासू दार लोटून घेते, तिथे मात्र शाईने ‘छान’ लिहिलंय. बाबा म्हणतात, त्या मुख्याध्यापिकेला निदान एक वाक्य तरी ठेव, बिचारी इतकी उभी राहिली. तुझं तू ठरव.

तुझी
आई