काढलेले पित्ताशय तपासणीला गेलेच पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकांच्या हाती खड्यांची लहानशी बाटली दिली जाते आणि घरी आलेल्या-गेलेल्यांना ती दाखवलीही जाते; मात्र ज्या पिशवीतून ते खडे निघाले, ती प्रयोगशाळेत गेली की नाही, हे फारसे कोणी विचारत नाही. अनेक वर्षे पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करताना ही बेफिकिरी मला सतत अस्वस्थ करत आली आहे.

पित्ताशयाचे बहुसंख्य विकार कर्करोगाचे नसतात. सोनोग्राफीत भिंत ३ मिलिमीटरपेक्षा जाड दिसली की घरचे लोक धास्तावतात. पण डेंग्यू, हिपॅटायटिस आणि सिरोसिसमध्येही ती सुजते, आणि रुग्ण उपाशीपोटी आला नसेल तर आकसलेले निरोगी पित्ताशयही जाड भासते. पॉलिपही (आतल्या अस्तरावर वाढलेले लहान उंचवटे) बहुतेक वेळा कोलेस्टेरॉलचे असतात. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या पॉलिपची मात्र गय करू नये. कर्करोगाच्या संशयात केल्या जाणाऱ्या ‘सीए १९-९’ या एकट्या रक्तचाचणीवरही विसंबता येत नाही, कारण पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तरी तिचा आकडा वाढतो.

खरी कसोटी लागते ती झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस या जुनाट दाहात. त्यात भिंत जाड होऊन यकृताला चिकटते आणि सीटी स्कॅनवर थेट कर्करोगाचा भास होतो. कापल्यावर भिंतीत पिवळसर गाठी दिसतात, तरीही त्यांच्याच शेजारी कर्करोग दडलेला असू शकतो, म्हणून नुसत्या डोळ्यांनी निकाल देणे मला कधीही योग्य वाटले नाही. याउलट, केवळ खड्यांसाठी काढलेल्या, वरून साध्या दिसणाऱ्या पित्ताशयातही सूक्ष्मदर्शकाखाली क्वचित कर्करोग सापडतो. तो आतल्या अस्तरापुरता असेल तर झालेली शस्त्रक्रियाच सहसा पुरते. स्नायूंच्या थरात शिरला असेल तर यकृताचा लगतचा भाग आणि लसिकाग्रंथी काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती वेळेत होणे फार महत्त्वाचे असते. पित्ताशय कचऱ्यात गेले असेल, तर हा निर्णय कशाच्या आधारे घ्यायचा?

हा कर्करोग उत्तर प्रदेश, बिहार, आसाम या पट्ट्यात अधिक आढळतो आणि आपल्याकडे तुलनेने कमी, म्हणून येथे तपासणीचा आग्रह धरला जात नाही. हे कारण मला पटत नाही. तिकडची असंख्य कुटुंबे आज आपल्याच शहरांत राहतात आणि स्थानिक रुग्णांतही, विशेषतः स्त्रियांमध्ये, तो होतोच.

रुग्णालयांनी या तपासणीचा खर्च शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्येच धरावा, पित्ताशय फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) घालून पाठवावे आणि अहवाल कधी मिळेल ते डिस्चार्ज कार्डावर लिहावे. टाके काढायला आलेल्या रुग्णाचा अहवाल वाचल्याशिवाय त्याची फाइल बंद करू नये. ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनी हा अहवाल रुग्णालयात जाऊन मागून घ्यावा. कित्येकदा तो तयार होऊन तसाच पडून असतो.

आपला,
एक पॅथॉलॉजिस्ट, सोलापूर