दादा, त्या रात्री फोन उचललात त्यासाठी

दादा,

तुमचं नाव इथे टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते, पण वाचलंत की लगेच कळेल कोणासाठी लिहिलंय.

लांबच्या फ्रीबीएसडी (युनिक्ससारखी एक ऑपरेटिंग सिस्टिम) सर्व्हरवर मला फक्त दुसरा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आणखी एक पत्ता, लावायचा होता. एसएसएचमधूनच, म्हणजे दुरून लॉगिन करून, आयएफकॉन्फिग ही नेटवर्कची कमांड, ईएमझिरो हे नेटवर्क कार्डाचं नाव, पुढे नवा पत्ता, मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा), आणि एंटर. एलियस हा एक शब्द राहिला आणि नवा पत्ता जोडला जायच्या ऐवजी जुन्याच्या जागी जाऊन बसला, मी त्या जुन्या पत्त्यावरूनच आत होतो, म्हणून टर्मिनल जागच्या जागी गोठलं, माझे हात थंड पडले.

रात्री साडेबाराला तुम्हाला फोन केला. तुम्ही ओरडला नाहीत, एवढंच विचारलंत, "आरसी डॉट कॉन्फला हात लावलायस का?" म्हणजे मशीन सुरू होताना वाचते ती सेटिंगची फाइल. मी नाही म्हटलं तर म्हणालात, मग काही बिघडलं नाही, आयएफकॉन्फिगने केलेलं सगळं मशीन चालू आहे तोवरच, रिबूट झालं की फाइलीत लिहिलंय तेच परत येतं. डेटा सेंटरवाल्यांना रिबूट करायला सांगितलं आणि खरंच जुना पत्ता परत आला.

तिथेच फोन ठेवू शकला असतात, पण तासभर थांबून शिकवलंत. नेट बंद दिसलं की खालून वर बघत जायचं, आधी आयएफकॉन्फिगमधलं स्टेटस ॲक्टिव्ह आहे की नो कॅरियर (तारेवर सिग्नलच नाही), नो कॅरियर असेल तर केबल नाहीतर स्विच, तिथे आयपी बदलून काही होणार नाही, मग पत्ता आणि मास्क, मग नेटस्टॅट मायनस आरएन या कमांडमध्ये डिफॉल्टची, म्हणजे बाहेर जायच्या मुख्य रस्त्याची ओळ, आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारं) सगळ्यात शेवटी. मी नेमका उलटा जायचो. आणि तो मास्क! ०एक्स नंतर सहा एफ आणि दोन शून्यं बघून मला वाटायचं काहीतरी चुकलंय, तो २५५.२५५.२५५.० च आहे, फक्त हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत, हे तुमच्याकडून कळलं. त्याच सबनेटमधल्या (नेटवर्कच्या त्याच तुकड्यातल्या) एलियसला मास्क २५५.२५५.२५५.२५५ द्यायचा हेही. आणि नेटिफ, म्हणजे नेटवर्क कार्डांची सर्व्हिस, रिस्टार्ट केलं की डिफॉल्ट राउट जातो, म्हणून राउटिंग रिस्टार्ट त्याच ओळीत जोडून द्यायचं, नाहीतर ते टाइप करायला तुम्ही आत उरतच नाही.

पण सगळ्यात कामाला आली ती टायमरची युक्ती. लांबच्या मशीनचं नेटवर्क बदलायच्या आधी शटडाउन मायनस आर प्लस १५, म्हणजे १५ मिनिटांनी रिबूट, लावून ठेवायचं, बदल चुकला आणि बाहेर पडलो तर १५ मिनिटांनी मशीन आपोआप जुन्या सेटिंगवर येतं, बरोबर निघाला तर नवीन एसएसएच उघडून बघायचं, शटडाउन किल करून रद्द करायचं आणि मगच फाइलीत लिहायचं. तेव्हापासून एकदाही यात कुचराई केली नाही.

काल रात्री त्याच सर्व्हरवर तिसरा आयपी लावला. टायमर लावला, एलियस दोनदा वाचून एंटर दाबलं, दुसऱ्या खिडकीतून लॉगिन झालं. लगेच तुम्हाला सांगावंसं वाटलं पण एक वाजून गेला होता, म्हणून आज लिहितोय. खूप खूप थँक्यू दादा.