मामा ॲडमिन झाले त्याची गोष्ट

तासगाव,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय पश्या,

काल फोनवर तू विचारलंस, "मेटाबेस चढवायचंय, अर्ध्या तासाचं काम ना?" आणि मी "हो" म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर लाज वाटली. डेटाबेसमधले आकडे चार्ट करून दाखवणारं ते सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढतं अर्ध्या तासात, खोटं नाही. पण मी त्यात तीन शनिवार-रविवार घातलेत, आणि ते न सांगता तुला तिकडं ढकलणं बरं नव्हे. फोनवर तू कुणाचं ऐकून घेत नाहीस, म्हणून हे पत्र.

मामांचं कोल्ड स्टोरेज तू पाहिलंयस. तिथल्या बेदाण्याची आवक-जावक गेली दोन वर्षं पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये पडते, नोंदी भरायचा प्रोग्रॅम माझाच. नोंदी पडत होत्या, बघत कोणी नव्हतं. मामांना रोज सकाळी एवढंच हवं असतं की काल किती पेट्या आल्या, किती गेल्या आणि भाडं कुणाचं थकलंय. त्यासाठी मला फोन यायचा, मग मी क्वेरी मारून व्हॉट्सॲपवर आकडा टाकायचो. या जाचातून सुटायला मेटाबेस घेतलं. ओपन सोर्स आहे, सगळा कारभार एका जार फाइलीत (जावा प्रोग्रॅमचं गाठोडं), आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, न येणाऱ्यालाही टिचक्या मारत हवं ते काढून बघता येतं.

आधी किरकोळ भानगडी उरकतो. प्लॅटफॉर्म, म्हणजे ज्याच्या भाड्याच्या मशीनवर हे चालतं ती सेवा, तुला पोर्टचा, म्हणजे आत यायच्या दाराचा, नंबर देतो आणि तिथंच कान लावून बसतो. मेटाबेस आपलं ३००० वर उघडतं. दोघांची गाठच पडत नाही आणि प्लॅटफॉर्म डिप्लॉय (म्हणजे चढवणं) फसलं म्हणून सांगतो. जेट्टीच्या (मेटाबेसच्या पोटातला वेब सर्व्हर) पोर्टचं एनव्हायरन्मेंट व्हेरिएबल, म्हणजे बाहेरून द्यायची सेटिंग, भरलं की मिटलं. दुसरं म्हणजे मेमरी. मी कंजूषपणा करून ५१२ एमबीची मशीन घेतली आणि जावाच्या हीपला, म्हणजे प्रोग्रॅमच्या डेटाच्या जागेला, ४०० बांधून दिले. गणित बरोबर वाटलं होतं. पण जावाला हीपच्या बाहेरही जागा लागते, आणि मेटाबेस क्लोजर या जावावर चालणाऱ्या भाषेत लिहिलेलं, त्यामुळे क्लासेसचंच बोचकं मोठं. मामांनी दोन चार्ट एकदम उघडले की प्रोसेस मेलीच. शेवटी २ जीबीची मशीन घेतली. फुकटात बसवायचं तुझ्या डोक्यात असेल तर ते काढून टाक. हेरोकू या होस्टिंग सेवेनेसुद्धा २८ नोव्हेंबर २०२२ ला फुकटचे डायनो, म्हणजे तिथल्या छोट्या मशीन, बंद केले.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या शनिवारी रात्री दोनपर्यंत बसून मी अकरा चार्ट केले. हिरवा, पिवळा, काळा असा प्रतवार साठा, थकबाकीची यादी, महिन्याची आवक, सगळं एका डॅशबोर्डवर. मामांना लिंक पाठवली. झोपायच्या आधी काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, एक व्हेरिएबल बदललं आणि पुन्हा डिप्लॉय मारून लॅपटॉप मिटला.

सकाळी साडेसहाला मामांचा फोन. "अरे, हे माझं नाव विचारतंय."

"कोण?"

"तुझं ते मशीन. नाव, ईमेल, स्टोरेजचं नाव. लिहिलं मी सगळं. पासवर्ड पण टाकला. आता म्हणतंय, डेटाबेस जोडा. कुठं जोडू?"

मी उठून बसलो. मेटाबेस नव्यानं जन्मल्यासारखं पहिलं पान दाखवत होतं, आणि जो पहिला नाव लिहील तो ॲडमिन, या त्याच्या नियमानं आमचे मामा ॲडमिन झाले होते. माझं खातं नाही, अकरा चार्ट नाहीत, काही नाही. बेदाण्याच्या नोंदी मात्र जागेवर, एक पेटी इकडची तिकडं नव्हती.

झालं होतं असं. मेटाबेसला दोन डेटाबेस लागतात, आणि माझ्या डोक्यात एकच होता. एक तुझ्या धंद्याचा, ज्याला ते प्रश्न विचारतं. दुसरा त्याचा स्वतःचा. खाती, जतन केलेले प्रश्न, डॅशबोर्ड, कुणाला काय दिसावं, हे सगळं त्यात राहतं. वेगळं काही सांगितलं नाहीस तर त्यासाठी ते एच-टू नावाची छोटी फाइल आपल्याच शेजारी करून ठेवतं. आणि असल्या प्लॅटफॉर्मवर डिस्क म्हणजे धर्मशाळा. प्रत्येक डिप्लॉयला जुना कंटेनर, म्हणजे मेटाबेस राहतं ती खोली, जातो, नवा येतो, आणि फाइल जुन्याबरोबर जाते. मेटाबेसच्या कागदपत्रांत ही फाइल खऱ्या कामाला वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय. मी ते वाचलं, पण रविवारी दुपारी.

तेव्हा तू पहिल्यांदा दुसरा पोस्टग्रेस घे, रिकामा, फक्त मेटाबेसच्या आठवणींसाठी. होस्ट, पोर्ट, नाव, युजर, पासवर्ड हे पाचही व्हेरिएबल भर आणि प्रकार पोस्टग्रेस आहे हेही सांग. प्रकार सांगायला विसरलास तर ते गुपचूप एच-टूवर जातं, तक्रारही करत नाही. एन्क्रिप्शनची किल्लीही त्याच वेळी दे, निदान सोळा अक्षरांची, आणि ती कुठंतरी लिहून ठेव. धंद्याच्या डेटाबेसचा पासवर्ड त्या किल्लीनं बंद होतो, किल्ली हरवली तर तो पुन्हा भरत बसावा लागेल. आणि तो पासवर्ड ज्या युजरचा असेल त्याला सिलेक्टपलीकडं, म्हणजे नुसत्या वाचण्यापलीकडं, हक्क देऊ नकोस. मामांनी कुठंही टिचकी मारली तरी नोंद पुसली जाता कामा नये.

अपडेटचा आळस करू नकोस. जुलै २०२३ मध्ये लॉगिन न करता सर्व्हरवर हुकूम चालवता येईल असं भोक यात सापडलं होतं, ०.४६.६.१ मध्ये बुजवलं. फक्त आवृत्ती बदलण्याआधी त्या आठवणींच्या डेटाबेसचा बॅकअप घे, कारण नवी आवृत्ती त्यातली टेबलं बदलते.

तिसरा आठवडा वेळेच्या घोळात गेला. मामा म्हणाले, "सोमवारची गाडी रविवारात का?" मी म्हटलं, वहीत चुकलं असेल. मामांची वही चुकत नाही. गाडी भरली होती पहाटे चारला. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, म्हणजे त्याच्या लेखी रविवारी रात्रीचे साडेदहा. पहाटे साडेपाचच्या आत भरलेली प्रत्येक गाडी आदल्या दिवसात जमा होत होती. ॲडमिनमध्ये रिपोर्ट टाइमझोन आहे, तो आशिया-कोलकाता केला. तरी निम्म्या नोंदी हलेनात, कारण जावकीच्या टेबलात मी कॉलम टाइमझोनविना ठेवला होता. तो बदलला तेव्हा वही आणि पडदा जुळले.

मामा आता रोज सकाळी पडदा उघडतात, शेजारी वही ठेवतात, आणि दोन्ही आकड्यांवर बोट फिरवतात. वही बंद कर असं मी सांगणार नाही. तो टाइमझोन मला सापडला नव्हता, वहीला सापडला.

चढवलंस की एक चार्ट कर, मुद्दाम रिस्टार्ट मार, आणि चार्ट जागेवर असेल तरच मला फोन कर.

तुझा,
विन्या

ता. क. किलोभर हिरवा बेदाणा एसटी पार्सलनं पाठवलाय. काकूंना दे, होस्टेलसारखा एकटा संपवू नकोस.