मेपलची बॅट घेताय? आधी हँडल बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर बेसबॉलचं जे काही येतं त्यात होम रन असतात, विक्रम असतात, खेळाडूंचे करार असतात, पण बॅटबद्दल एक ओळ नसते. ॲल्युमिनियम सोडून लाकडाच्या बॅटकडे वळणारे प्रौढ हौशी खेळाडू मला बरेच दिसतात, त्यातल्या बहुतेकांना मेपल या कडक लाकडाचीच हवी असते आणि ती घेताना ते बघतात काय तर कुठल्या स्टारचं मॉडेल आहे, रंग कसला आहे, पॉलिश कसं चमकतंय. हँडलकडे कोणी बघतच नाही. मेपलच्या बॅटचं सगळं भवितव्य हँडलमध्ये असतं म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

मेपल या खेळात तशी नवीनच. आधी हिकरी नावाच्या लाकडाची बॅट होती, मग कित्येक दशकं ॲश या लाकडाची. कॅनडात ओटावाला सॅम होल्मन नावाच्या सुताराने नव्वदच्या दशकात मेपलच्या बॅटी बनवायला घेतल्या, टोरंटो ब्लू जेजच्या जो कार्टरने 1997 मध्ये ती मेजर लीगच्या, म्हणजे तिकडच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, मॅचमध्ये वापरली आणि 2001 मध्ये बॅरी बॉन्ड्सने मेपल घेऊनच एका मोसमात 73 होम रन मारले, झालं, सगळ्यांना मेपल हवी झाली. त्यात 2002 मध्ये अमेरिकेत मिशिगनला ॲशची झाडं पोखरणारा एक हिरवा भुंगा सापडला आणि तेव्हापासून चांगलं ॲश मिळणंच अवघड होत गेलंय.

पण मेपलने बॉल लांब जातो हा समज आधी डोक्यातून काढा. प्रयोगशाळेत मेपल आणि ॲशच्या बॅटी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या आहेत, बॉल सुटण्याच्या वेगात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. मेपलचा खरा गुण म्हणजे ती कडक असते आणि तिचा पृष्ठभाग टिकतो. ॲशच्या वाढीच्या रेषांमध्ये मोठमोठी छिद्रं एका ओळीत असतात त्यामुळे मारून मारून तिथून पापुद्रे सुटायला लागतात, मेपलमध्ये छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी पसरलेली असतात म्हणून तसे पापुद्रे निघत नाहीत. मात्र ॲश मोडायच्या आधी बहुधा चिरते, सांगून जाते. मेपल बहुतेक वेळा काही सांगत नाही, हँडलपाशी एकदम तुटते आणि टोकदार तुकडा मैदानात जातो. सप्टेंबर 2010 मध्ये शिकागो कब्जचा टायलर कोल्विन धाव पूर्ण करायला थर्ड बेसवरून होमकडे पळत असताना साथीदाराच्या मोडलेल्या मेपल बॅटची कपची त्याच्या छातीत घुसली होती. तो वाचला, पण बॅट नीट निवडणं म्हणजे निव्वळ धावांचा प्रश्न नाही हे ज्याला पटत नाही त्याने ही घटना आठवावी. आपल्या बॅटीसमोर बॉल टाकणारा पिचर, थर्ड बेसमन, रनर अशी माणसं उभी असतात.

2008 मध्ये मेजर लीगने मोडलेल्या दोन हजारांहून जास्त बॅटी गोळा करून तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या, त्यात अमेरिकन वन खात्याची मॅडिसनची प्रयोगशाळा होती. मुख्य कारण निघालं तिरके तंतू. लाकडाचे तंतू बॅटीच्या लांबीला समांतर गेले तर ताकद पूर्ण मिळते, तिरके गेले की पटापट कमी होते, वीस इंचांत एक इंच तिरकेपणा असेल तर साधारण 7 टक्के ताकद जाते, दहा इंचांत एक इंच असेल तर जवळपास 20 टक्के आणि पाचात एक म्हणजे निम्म्याच्या आसपास. मेपलमध्ये पंचाईत अशी की हा तिरकेपणा नुसत्या डोळ्याला कळत नाही, वरच्या रेषा अगदी सरळ दिसतात आणि आतले तंतू भलतीकडे वळलेले असतात. म्हणून हँडलवर शाईचा एक छोटा ठिपका देतात. शाई छिद्रांमधून तंतूंच्या दिशेने पसरते आणि तिची शेपटी कुठे चाललीये ते बघून कोन मोजता येतो, तो तीन अंशांच्या आत हवा, असे नियम मेजर लीगने केले. हे नियम आल्यावर बॅटीचे तुकडे उडण्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं!

मग हौशी खेळाडूने काय करायचं, तर बॅट हातात घेतल्या घेतल्या तो ठिपका शोधायचा. शाईची रेघ बॅटीच्या मधल्या रेषेला समांतर धावतेय का बघायचं, थोडी कलली असेल तर चालेल, स्पष्ट तिरकी दिसली तर बॅट खाली ठेवायची, मग तिच्यावर नाव कोणाचंही असो. ठिपका नसेल तर विचारायचं की का नाही. आणि हँडल गडद रंगात बुडवलेलं असेल तर मी स्वतः ती बॅट घेणार नाही, कारण जे बघायचं तेच झाकलेलं आहे. क्रिकेटवाले विलोच्या रेषा मोजत बसतात तेवढा वेळ इथे शाईच्या एका ठिपक्याला द्या. लाकूड शुगर मेपल म्हणजे हार्ड मेपल आहे ना तेही विचारा. रेड आणि सिल्व्हर हे मऊ मेपल, बॅटीला ते नको.

आता वजन, इथे फार लोक फसतात. लांबीच्या इंचांतून वजनाचे औंस वजा केले की जो आकडा येतो त्याला ड्रॉप म्हणतात, 33 इंच आणि 30 औंस म्हणजे ड्रॉप तीन. मेपल मुळात जड लाकूड आहे. तुम्हाला बॅरल म्हणजे बॉल मारायचा पुढचा भाग जाडही हवा, बारीक हँडलही हवं आणि वजन मात्र कमी हवं, तर बनवणाऱ्याला हलकं लाकूड शोधावं लागतं, आणि मेपलमध्ये हलकं म्हणजे कमी घनतेचं, म्हणजे कमजोर. टोकाला कप कोरून थोडं वजन कमी करता येतं, त्यात गैर काही नाही, पण मोठ्या बॅरलची मेपल ड्रॉप चार-पाचमध्ये कोणी देत असेल तर ते वजन कुठून काढलं हा प्रश्न विचारायलाच हवा. माझं म्हणणं असं की प्रौढ खेळाडूने, विशेषतः ॲल्युमिनियमवरून येणाऱ्याने, ड्रॉप दोन किंवा तीन धरावा आणि बॅट जड वाटली तर लाकूड हलकं मागण्यापेक्षा अर्धा-एक इंच लांबी कमी करावी किंवा बारीक बॅरलचं मॉडेल घ्यावं. 271 किंवा 110 असे मॉडेल नंबर असतात, त्यातलं 271 बॅलन्स्ड आहे, 110 ला हँडल जरा जाड आणि वजन हातांच्या बाजूला, दोन्ही सुरुवातीला बरे. 243 चं बॅरल मोठं, हँडल बारीक, वजन टोकाला, ते ज्याचा बॉल नेमाने स्वीट स्पॉटवर, म्हणजे बॅरलवर फटका सगळ्यात चांगला बसतो त्या जागी, लागतो त्याच्यासाठी.

आणि जर बॉल वारंवार हँडलजवळ लागत असेल तर मेपलचा हट्ट कशाला? ॲश थोडी लवचिक असते, बर्च दोघांच्या मधली.

चांगली बॅट घेऊन चुकीच्या बाजूने मारणारेही खूप आहेत. ॲशमध्ये बॉल रेषांच्या कडेवर घ्यायचा असतो, मेपलमध्ये उलट, जिथे रेषांच्या रुंद कमानी दिसतात त्या सपाट बाजूवर. शाईचा ठिपकाही त्याच बाजूला असतो म्हणून मेपलवर लोगो पाव फेरा फिरवून लावतात, लोगो वर आकाशाकडे किंवा खाली जमिनीकडे ठेवून मारलं की बॉल आपोआप योग्य बाजूवर येतो. पॉलिशखाली कमानी दिसत नसतील तर लोगोवर भरवसा ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत किंवा दमट खोलीत बॅट ठेवू नका, लाकूड सुकलं की ठिसूळ होतं आणि ओल धरली की जड.

हँडलला केसासारखी चीर दिसली किंवा मारताना आवाज बदलून बद्द यायला लागला तर ती बॅट प्रॅक्टिसलासुद्धा वापरू नये. टेप गुंडाळून किंवा गोंद भरून तिला परत मैदानात आणणारे मी बघितलेत, समोरच्या पिचरला ते सांगतात का, विचारा एकदा. आपल्या पानावर मोडलेल्या बॅटीचा फोटो कधी छापलात तर ती कुठून आणि का मोडली हेही दोन ओळीत लिहा एवढी विनंती.

आपला,
बेसबॉल खेळणारा एक वाचक