ईथरला पकडणार कशाने?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवार पुरवणीतला ईथरवर, म्हणजे सगळे अवकाश व्यापून असल्याचे एकेकाळी मानलेल्या अदृश्य पदार्थावर, चालणाऱ्या यानाविषयीचा लेख वाचला आणि राहवले नाही, म्हणून लिहीत आहे. माझी सगळी नोकरी पंपांच्या चाचणीत गेली. लेखात द्रवगतिकीचे (वाहत्या द्रव-वायूंच्या शास्त्राचे) नाव घेऊन जे सांगितले आहे ते द्रवगतिकीत बसत नाही, आणि अशी पाने विद्यार्थी कापून जपतात याची मला काळजी वाटते.

सुरुवात विमानाच्या पंखापासून केली आहे. वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेला मागच्या कडेशी गाठायचे म्हणून ती पळते, असे लेखक म्हणतात. पण वरच्या आणि खालच्या हवेने एकाच वेळी मागे पोचावे असा नियम कुठेच नाही. वातबोगद्यात धुराचे झोत ठरावीक वेळाने तोडून सोडले, की वरचा तुकडा खालच्याच्या आधी मागे पोचलेला डोळ्यांना दिसतो. पंख हवेला खाली वळवतो आणि हवा पंखाला वर रेटते. बर्नूलीने १७३८ मध्ये मांडलेले दाब आणि वेगाचे नाते इथे लागू पडतेच, फक्त वरची हवा कशामुळे पळते, याचे उत्तर त्यात नाही.

इथून लेखक थेट ईथरवर जातात. अवकाश म्हणजे घर्षण नसलेला प्रवाही पदार्थ, त्यात यंत्राने भोवरा उठवायचा की यान पुढे सरकेल, अशी ती कल्पना. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

पंपात हवा अडकली की काय होते ते मी शेकडो वेळा पाहिले आहे. मोटर पूर्ण वेगाने फिरते, इम्पेलर (पंपातले पात्यांचे चाक) फिरतो, आवाज हलका होतो आणि दाबमापकाचा काटा शून्यावरून हलत नाही. पात्यांना पकडायला पुरेसे वजनदार काही हाती लागत नाही. ईथर तर घर्षणरहित म्हणायचा. अशा प्रवाहीत एकसारख्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला विरोधच होत नाही, हे दालांबेरने १७५२ मध्ये गणिताने दाखवले. भोवऱ्याबद्दल हेल्महोल्ट्झने १८५८ मध्ये सिद्ध केले की घर्षण नसेल तर नवा भोवरा तयार होत नाही आणि असलेला संपत नाही. केल्विनला १८६७ मध्ये ‘अणू म्हणजे ईथरमधले भोवरे’ ही कल्पना सुचली ती याच अमरपणामुळे. त्याआधी त्याचा भौतिकशास्त्रज्ञ मित्र टेटने त्याला धुराची वलये करून दाखवली होती. पेटीला मागे ताणलेले कापड, पुढे गोल भोक. कापडावर थाप मारली की वलय बाहेर पडते, आणि दोन वलये एकमेकांजवळ आली की रबरासारखी थरथरत दूर होतात. कल्पना सुंदर होती. पण जो गुण केल्विनला मोहवून गेला, तोच या यानाच्या मुळावर येतो, कारण पाहिजे तेव्हा नवा भोवरा उठवताच येणार नाही.

मग ईथरला थोडे घर्षण आहे असे मानावे का? तसे मानले तर पृथ्वी त्यातून सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते आहे, तिलाही तो धरून ठेवील. न्यूटनने हा विरोध मोजून पाहिला होता. लाकडी खोका लंबकासारखा टांगायचा, रिकामा झुलवायचा, मग धातूने भरून झुलवायचा. आतल्या धातूला ईथर अडवत असेल तर विरोधात फरक पडायला हवा होता. नोंद घेण्याजोगा फरक पडला नाही.

पृथ्वी ईथरमधून जाताना जाणवायला हवा तो ईथरचा वारा प्रकाशाने मोजू पाहणाऱ्या, मायकेलसन आणि मोर्ले यांच्या १८८७ च्या प्रयोगाला लेखात ‘फसलेला’ म्हटले आहे. पाऱ्यावर तरंगणारी दगडी लादी, तिच्यावर आरशांमधून फिरवून सुमारे ११ मीटर लांब केलेला प्रकाशाचा मार्ग. ईथरचा वारा असता तर दोन प्रकाशझोत एकत्र येऊन दिसणाऱ्या उजेड-अंधाराच्या पट्ट्या एका पट्टीच्या ०.४ इतक्या सरकायला हव्या होत्या. त्याच्या विसाव्या भागाइतक्याही सरकल्या नाहीत. याला फसणे कसे म्हणायचे? प्रश्न नीट विचारला होता, उत्तर स्पष्ट मिळाले.

लेखासोबत छापलेला तरंगता त्रिकोण मात्र खरोखर तरंगतो. वर बारीक तार, खाली ॲल्युमिनियमची पन्नी, मध्ये हजारो व्होल्ट. तारेजवळची हवा विद्युतभारित होऊन पन्नीकडे धावते आणि वाटेत इतर हवेला खाली लोटते. उपकरण हवेवर उभे असते. याच तत्त्वावर एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अडीच किलोच्या आसपास वजनाचे, पंखा नसलेले विमान ६० मीटर उडवून दाखवले. मुलांना सांगण्यासारखी गोष्ट ही आहे, आणि तिला ईथर लागत नाही.

अशा यंत्रांचे दावे तपासताना फसगत कशी होते याचेही उदाहरण आहे. ‘एमड्राइव्ह’ नावाच्या, मायक्रोवेव्ह लहरी कोंडलेल्या बंद डब्यातून किलोवॅटमागे १.२ मिलिन्यूटन रेटा मिळतो, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या गटाने २०२१ मध्ये तपासले, तेव्हा यंत्र तापून रेटा मोजणाऱ्या तराजूचे जोड वाकत होते आणि तराजूचा शून्यच सरकत होता, असे आढळले. टांगणी बदलल्यावर रेटा नाहीसा झाला.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९२० मध्ये अग्रलेखात रॉकेट-संशोधक गोडार्डची खिल्ली उडवली होती, कारण निर्वातात रॉकेटला रेटायला काही नसते असा त्यांचा समज होता. रॉकेट स्वतःचाच वायू मागे फेकते, म्हणून त्याला बाहेरचे काही लागत नाही. त्या वृत्तपत्राने चूक दुरुस्त केली ती १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. पंखाची हवा आणि १८८७ चा प्रयोग, या दोन मुद्द्यांची दुरुस्ती आपण येत्या रविवारीच, त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक