कुकीज रंगावर काढू नकोस

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मोलॅसिस कुकीजचे तू पाठवलेले दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. पहिला घाणा पसरून पातळ आणि कडक झालाय, दुसरा न पसरता केकसारखा फुगलाय. दोन्ही वेळा ‘छान रंग येईपर्यंत’ भाजल्या असं तू लिहितेस. मोठी चूक तिथेच आहे. मोलॅसिस (उसाचा काळा पाक) घातलेलं पीठ ओव्हनमध्ये जायच्या आधीपासूनच तपकिरी असतं. त्यावर आणखी रंग चढलेला डोळ्यांना कळेपर्यंत आतला ओलावा निघून गेलेला असतो. या कुकीज रंगावर काढायच्याच नाहीत. कशावर काढायच्या ते पुढे सांगते, आधी साहित्य बघू.

मोलॅसिस म्हणजे उसाच्या रसातून साखरेचे दाणे काढून घेतल्यावर मागे उरणारा काळा, दाट पाक. मराठीत मळी. अर्थात खाण्यासाठी म्हणून बाटलीत विकतात तीच वापरायची. रस जितक्या वेळा उकळून साखर काढली जाते, तितका मागचा पाक काळा आणि कडू होत जातो. बाटलीवर ‘ब्लॅकस्ट्रॅप’ लिहिलं असेल तर ती शेवटची मळी. तिची चव औषधासारखी लागते, या कामाला घेऊ नकोस. फिकं किंवा मध्यम काळं चालेल. मोलॅसिसमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या साखरा भरपूर असतात आणि त्या पाणी धरून ठेवतात. कुकी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ राहते ती यामुळे. शिवाय ते किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून सोडा त्यात लगेच कामाला लागतो.

24 कुकीजचं माप लिहून घे: मैदा 280 ग्रॅम, बिनमिठाचं बटर 170 ग्रॅम, ब्राउन शुगर 180 ग्रॅम, मोलॅसिस 85 ग्रॅम, एक अंडं, बेकिंग सोडा दीड छोटा चमचा म्हणजे साधारण 7 ग्रॅम, मीठ अर्धा छोटा चमचा. मसाल्यात सुंठपूड दीड छोटा चमचा, दालचिनीपूड एक, लवंगपूड पाव आणि जायफळ किसून दोन चिमटी. वरून घोळवायला जाड दाण्याची पांढरी साखर 50 ग्रॅम. छोटा चमचा म्हणजे 5 मिलिलिटरचा, आणि तो सपाट भरायचा. मिठाचं बटर असेल तर वेगळं मीठ वगळ. ब्राउन शुगर नसेल तर 170 ग्रॅम पांढरी साखर आणि 10 ग्रॅम जास्तीचं मोलॅसिस घाल. ब्राउन शुगर म्हणजे तरी दुसरं काय असतं?

मैदा कपाने मोजू नकोस, वजनकाटा वापर. हलक्या हाताने भरलेल्या कपात 125 ग्रॅम मैदा बसतो, तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला तर 150 ग्रॅमपर्यंत जातो. सव्वादोन कपांत असा 50-60 ग्रॅमचा फरक पडला की कुकी कोरडी, भुसभुशीत होते आणि पसरतही नाही. तुझ्या दुसऱ्या घाण्यात हे झालं असणार. त्यातच सोडा संपला म्हणून तू बेकिंग पावडर घातलीस. पावडरीत सोड्याबरोबर तिचं स्वतःचं आम्ल असतं. त्यामुळे पीठ वर उचललं जातं, पण सोड्याने येणारा पसरटपणा, गडद रंग आणि वरच्या भेगा येत नाहीत. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. सोडा वाढवूनही बघू नकोस. तो जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि कितीही मसाला घातला तरी ती लपत नाही.

लवंगेच्या बाबतीत हात आखडता ठेव. पाव चमच्याऐवजी अर्धा चमचा झाला तर बाकी सगळा मसाला तिच्याखाली दबतो आणि जीभ बधिर झाल्यासारखी वाटते. सुंठ मात्र अर्धा चमचा वाढवलीस तरी बिघडणार नाही, मला तर तशीच आवडते. डब्यात वर्षभर पडून राहिलेली पूड वास न घेता वापरू नकोस.

आता बटर. बोट दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट आत घसरू नये, इतपतच मऊ. साधारण 18 ते 20 अंश. चमकायला लागलं असेल तर ते वितळायच्या मार्गावर आहे. परत 10 मिनिटं फ्रिजमध्ये ठेव. तुझा पहिला घाणा इथे घसरला, कारण तू बटर मायक्रोवेव्हमध्ये वितळवून घेतलंस आणि पीठ थंड न करता तसंच भाजलंस.

बटर, ब्राउन शुगर, मीठ आणि सगळे मसाले एकत्र करून दोन ते तीन मिनिटं फेट. मसाले मैद्यात नाही, बटरमध्ये घालायचे. त्यांचा सुगंध देणारी तेलं स्निग्ध पदार्थात चांगली उतरतात. मिश्रण रंगाने जरा उजळलं की पुरे. त्याहून जास्त फेटलंस तर हवा भरते, कुकी ओव्हनमध्ये फुगते आणि बाहेर येताच बसते. मग खोलीच्या तापमानाचं अंडं घाल, ते मिसळलं की मोलॅसिस. वाटी आधी काट्यावर ठेवून मोलॅसिस थेट त्यात ओत, म्हणजे चमच्याला चिकटून माप चुकायला नको. बाटलीतून उतरत नसेल तर ती पाच मिनिटं कोमट पाण्यात उभी कर. या टप्प्यावर मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर घाबरू नकोस, मैदा पडला की एकजीव होतं.

मैदा आणि सोडा एकत्र चाळून घे. सोड्याची गुठळी राहिली तर नेमक्या त्या घासाला कडू डाग लागतो. मैदा दोन वेळात घालून सुका पट्टा दिसेनासा होईपर्यंतच हलव, मळायचं अजिबात नाही. मळल्याने मैद्यातलं ग्लुटेन हे चिवट प्रथिन ताणलं जातं आणि कुकी चिवट होते. पीठ हाताला चिकटेल इतकं मऊ असायला हवं. वरून मैदा भुरभुरायचा मोह आवर. चाटून बघायचाही, त्यात कच्चं अंडं आणि कच्चा मैदा आहे.

झाकून फ्रिजमध्ये किमान एक तास ठेव, दोन ठेवलेस तर उत्तम. तेवढ्या वेळात बटर घट्ट होतं आणि मैदा पाणी पिऊन घेतो, त्यामुळे कुकी हळू पसरते आणि मध्ये जाड राहते. मग 32 ग्रॅमचे गोळे कर. पहिले दोन-तीन वजन करून घे, नंतर हाताला अंदाज येतो. सारखे नसतील तर एकाच ट्रेमध्ये लहान करपतील आणि मोठे कच्चे राहतील. गोळे साखरेत सगळीकडून घोळव. ही साखर नुसती शोभेची नाही. ती वरच्या थराचं पाणी ओढते, तो थर आधी सुकतो, आतलं पीठ अजून पसरतच असतं, आणि त्या ओढाताणीत भेगा पडतात.

ओव्हन 180 अंशांवर निदान 15 मिनिटं तापव. पंख्याचा असेल तर 160 ते 165. आत ठेवायचा स्वस्त थर्मामीटर घेऊन टाक, कारण बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत 15-20 अंशांची तफावत सहज असते. ट्रेला बटर पेपर लाव, तूप-तेल नको; चोपडलेल्या ट्रेवर गोळा घसरून पसरतो. गोळ्यांमध्ये 5 सेंटीमीटर जागा सोड आणि ते दाबू नकोस. काळा ट्रे खालून लवकर करपवतो, त्यावर एक मिनिट कमी. ट्रे एकच असेल तर दुसरा घाणा लावण्याआधी तो पूर्ण गार होऊ दे. गरम ट्रेवर बटर ओव्हनचं दार लागायच्या आतच वितळायला लागतं.

आणि आता काढायचं कधी. 9 ते 10 मिनिटं. आठव्या मिनिटाला दिवा लावून बघायला लाग, दार उघडू नकोस. कडा बसलेल्या असाव्यात, काढताना कडेला बोट लावलं तर खळगा पडू नये. मध्यभाग अजून फुगीर आणि भेगांच्या आत ओलसर, चकाकणारा दिसला पाहिजे. ‘अजून दोन मिनिटं हव्यात’ असं मनात आलं की तीच वेळ. भेगा आतून कोरड्या दिसायला लागल्या तर उशीर झाला. बाहेर काढल्यावर कुकीज पाच मिनिटं त्याच ट्रेवर राहू दे, तिथल्या उष्णतेवर मध्यभाग शिजून पूर्ण होतो. त्याआधी उचलल्यास तर वाकून तुटतात. नंतर जाळीवर ठेव, नाहीतर तळाला वाफ साचून ओल येते.

पहिल्यांदा सगळा ट्रे भरू नकोस. तीनच गोळे लाव. एक 8, एक 9 आणि एक 10 मिनिटांना काढ. दार उघडून उष्णता जाईल, पण गार झाल्यावर तिन्ही मोडून बघितल्यास तुझ्या ओव्हनचा हिशेब साधारण कळेल.

पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नकोस. घट्ट झाकणाच्या डब्यात पाच दिवस मऊ राहतात, आणि मसाला मुरल्यामुळे दुसऱ्या दिवशी चव जास्त चांगली लागते. कडक व्हायला लागल्या तर डब्यात ब्रेडची एक स्लाइस रात्रभर ठेव. ब्रेडचा ओलावा कुकीज ओढून घेतात. सगळं पीठ एकदम भाजायची गरज नाही. गोळे साखर न लावता फ्रीझरमध्ये ताटात सुटे गोठव, मग पिशवीत भर. दोन महिने चांगले राहतात. भाजायच्या आधी 15 मिनिटं बाहेर काढ, पृष्ठभाग जरा ओला झाला की साखरेत घोळव आणि वेळ एक-दीड मिनिट वाढव.

पुढच्या फोटोत एक कुकी मधोमध मोडून दाखव, वरून काही कळत नाही.

तुझी,
आई